चाचणी संपली, यंत्राचा ताबा सोडला का?



गेल्या महिन्यात उमापूरला ऊसपीक चर्चेसाठी गेलो होतो. बैठक उठता उठता एका जुन्या सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, आता लॅबमधी समदं कॉम्प्युटरच करतोय म्हनं. मग तिथं मानूस कशाला बसवलाय?" बैठकीत हशा पिकला, आम्हीही हसलो, आणि "पुढच्या अंकात सांगतो" म्हणून गाडीत बसलो. पण वाटेत विचार केला तेव्हा लक्षात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यंदा पक्वता चाचणीची यंत्रे संगणकाला जोडली गेली आहेत. संगणक यंत्राचा ताबा घेतो, नमुन्यामागून नमुने तपासतो. हे सर्व ठीक. परंतु काम संपल्यावर तो ताबा परत माणसाच्या हाती येतो का, कसा येतो, आणि नाही आला तर उसाचे काय होते, याबद्दल या लेखात थोडे सविस्तर लिहितो.

विषय प्रयोगशाळेचा असला तरी सुरुवात विहिरीपासून करू, कारण हाच प्रकार आपल्यापैकी बहुतेकांच्या मोटारीवर रोज घडतो.

आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते. एक आठवडा दिवसा, तर दुसरा आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला उठून विहिरीवर जाणे नको म्हणून आपण स्टार्टरला ऑटो बसवतो. आता तर मोबाईलवरून मोटार चालू-बंद करण्याची सोय झाली आहे. घरी अंथरुणात बसून बटण दाबले की पाणी सुरू. सोय फार चांगली आहे, नाव ठेवण्यासारखी नाही. पण बटण 'ऑटो'वरच राहिले आणि कोणी फुटबॉल काढायला किंवा पाईप जोडायला विहिरीत उतरले, तर? वीज आली की मोटार आपोआप उचलते. तिला खाली माणूस आहे हे कळत नाही. ज्याच्या मोबाईलात ताबा आहे तो गावात पारावर बसलेला असतो. शिवाय एका डीपीवरच्या सगळ्याच मोटारी ऑटोवर असल्या की वीज येताक्षणी सगळ्या एकदम सुरू होतात, भार पडतो आणि डीपी जळते. ऑटो स्विच काढा म्हणून महावितरणवाले वारंवार सांगतात ते यासाठीच. म्हणजे दुरून ताबा घेणे सोपे, पण काम झाल्यावर तो सोडायला आठवण लागते. विहिरीत उतरण्याआधी बटण 'मॅन्युअल'वर घ्यावे आणि फ्यूज काढून खिशात ठेवावा, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

आता प्रयोगशाळेकडे येऊ.

हंगाम सुरू होण्यापूर्वी आपले शेतकी मदतनीस प्लॉटवर जाऊन बांधाकडेचा ऊस सोडून आतल्या सरीतले ऊस नमुना म्हणून आणतात, हे आपण पाहता. नमुन्याचा रस काढून त्याचे ब्रिक्स मोजतात, म्हणजे रसात विरघळलेले एकूण पदार्थ किती ते. मग रस निवळून गाळतात, लांब नळीत भरतात आणि सॅकरीमीटर नावाच्या यंत्रात ठेवतात. साखरेच्या द्रावणातून एका विशिष्ट प्रकारचा प्रकाश सोडला की साखर त्या प्रकाशाची पातळी थोडी फिरवते. जितकी साखर जास्त, तितकी पातळी जास्त फिरते. शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर द्रावण केले आणि २० अंश तपमानाला २०० मिलिमीटरच्या नळीतून पाहिले, तर यंत्र बरोबर १०० दाखवते. नुसत्या पाण्याला शून्य. साखर तपासणीच्या पद्धती ठरवणारी इकुम्सा ही आंतरराष्ट्रीय संस्था १८९७ सालापासून काम करते आणि जगभरचे कारखाने हीच मोजपट्टी वापरतात. यंत्राच्या आकड्यावरून पोल निघते, आणि पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की प्युरिटी, म्हणजे शुद्धता. शुद्धता ८५ च्या वर गेली की ऊस पक्व झाला असे आपण धरतो.

या आकड्याने तुमच्या एकट्याच्या उसाचा भाव बदलत नाही, कारण भाव कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी बांधलेला आहे. पण तोडणीचा क्रम मात्र याच आकड्यावर लागतो. कोणाचा ऊस आधी तोडायचा आणि कोणाचा थांबवायचा हे यादीवर ठरते, आणि यादी प्रयोगशाळेतून येते. कोवळा ऊस आधी तुटला तर त्याचे वजन जाते. पिकलेला ऊस मागे राहिला तर तुरा येतो, दशी पडते. दोन्हीकडे सभासदच मरतो, आणि उतारा घसरला म्हणजे तो तोटा सर्वांच्या भावात वाटला जातो.

पूर्वी केमिस्ट स्वतः नळी ठेवून, आकडा वाचून वहीत लिहीत असे. आता संगणकाच्या आज्ञेने यंत्र चालते. नळीतून एक नमुना गेला, दुसरा आला, आकडा सरळ संगणकात. तीस-चाळीस नमुने एका बैठकीत होतात आणि लिहिण्यातली चूक होत नाही. यंत्राला जेव्हा संगणकाकडून आज्ञा येऊ लागते तेव्हा ते 'रिमोट' स्थितीत जाते. समोरच्या पट्टीवर तसा दिवा लागतो किंवा पडद्यावर अक्षरे येतात, आणि बटणे दाबली तरी यंत्र दाद देत नाही. 'लोकल' असे लिहिलेले एकच बटण चालू राहते. ते दाबले की ताबा पुन्हा माणसाकडे. काही वेळा संगणक तेही बटण बंद करून टाकतो. याला कुलूप लावणे म्हणा.

कुलूप कशाला, असे वाटेल. पण त्यालाही कारण आहे. चाळीस नमुन्यांची रांग चालू असताना कोणी येताजाता शून्याचे बटण दाबले, तर पुढचे सगळे आकडे सरकतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एकाच बैलजोडीचा कासरा दोघांनी ओढला तर गाडी खड्ड्यातच जाणार. चाचणी चालू असेपर्यंत कासरा संगणकाच्या हाती असावा, हे आम्हालाही मान्य आहे.

ही ताबा घेण्या-सोडण्याची रीत फार जुनी आहे. अमेरिकेतील ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने आपली मोजमापाची यंत्रे संगणकाला जोडण्यासाठी १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत काढली, आणि १९७५ साली आय-ट्रिपल-ई ४८८ या क्रमांकाने ती सर्वांसाठी प्रमाणित झाली. तिच्या जाड केबलमध्ये २४ जोड असतात. त्यांतली एक तार निव्वळ 'यंत्रे दुरून चालवण्याची परवानगी आहे की नाही' एवढे सांगण्यासाठी राखून ठेवलेली आहे. ती परवानगी काढली की त्या केबलवरची सगळी यंत्रे एकदम माणसाच्या ताब्यात येतात आणि कुलूपही निघते. एकाच यंत्राला सोडायचे असेल तर त्याच्या नावाने 'लोकलला जा' अशी निराळी आज्ञा आहे. म्हणजे ज्यांनी ही रीत बसवली त्यांनी ताबा घेण्याइतकाच सोडण्याचाही विचार पहिल्या दिवसापासून केला होता.

त्यात एक बारकावा आहे, आणि लॅबवाले तिथेच फसतात. 'लोकलला जा' ही आज्ञा दिली तरी परवानगीची तार चालू असेल, तर संगणकाने त्या यंत्राला पुढची कोणतीही आज्ञा पाठवताच ते पुन्हा रिमोटमध्ये जाते. कुलूप आधी लावलेले असेल तर तेही तसेच राहते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यंत्र सोडले आणि नंतर सहज 'सर्व ठीक आहे ना' असे विचारले, की झाले. पाहुणा निरोप घेऊन उंबऱ्यावरून परत आत आला. म्हणून ताबा सोडण्याची आज्ञा अगदी शेवटची असावी. आजकालची बरीच यंत्रे साध्या सिरियल केबलने, यूएसबीने किंवा नेटवर्कने जोडतात. साध्या सिरियल केबलमध्ये ती राखीव तार नसते. तिथे रिमोट आणि लोकल या दोन्ही आज्ञा शब्दांतच पाठवाव्या लागतात. पाठवल्या नाहीत तर यंत्र वाट पाहत बसते.

आता आमच्यावर आलेला प्रसंग सांगतो. आम्ही पूर्वी ज्या कारखान्यावर होतो तिथली ही गोष्ट. ऑक्टोबर महिना, पक्वता चाचणी जोरात चालू होती. संध्याकाळी संगणकाची रांग चालू असताना मध्येच संगणक अडकला. दिवसपाळीचा केमिस्ट तो तसाच बंद करून घरी गेला. रात्रपाळीचा मुलगा नवा होता. बटणे चालेनात म्हणून त्याने शोधाशोध करून 'लोकल' दाबले, दिवा गेला, आणि राहिलेले तीन नमुने त्याने हाताने तपासले. त्याची यात काही चूक नव्हती. त्याला जे शिकवले होते ते त्याने केले.

सकाळी यादी आमच्या टेबलावर आली. पहिल्या प्लॉटचे ब्रिक्स २०, सॅकरीमीटरचा आकडा ७२, शुद्धता ८६.६. हा को ८६०३२ चा खोडवा होता, बरोबर वाटला. दुसऱ्या प्लॉटचे ब्रिक्स १८.६ आणि शुद्धता ९३.६. हा प्लॉट होता २६५ चा, सुरू लागणीचा. ऑक्टोबरात त्याला अजून वर्षही भरत नाही आणि २६५ ला साखर उशिरा भरते हे शाळेतल्या पोराला माहीत आहे. ब्रिक्स कमी, वय कमी, आणि शुद्धता जास्त! ही यादी वाचताना आमचे डोळे उघडायला हवे होते. पण त्या दिवशी टोळ्यांच्या उचलीचा गोंधळ चालला होता आणि आम्ही न वाचता सही केली. हंगाम सुरू होताच पहिल्याच आठवड्यात टोळी त्या प्लॉटवर पडली.

ज्यांचा ऊस तुटला ते सभासद काही भांडायला आले नाहीत. वजनाची पावती घेऊन आले आणि म्हणाले, "वाढं अजून हिरवंगार होतं साहेब. अजून दोन महिने उभा असता तर पोरीच्या लग्नाला काढलेलं भागलं असतं." आम्ही त्यांना चहा पाजला. दुसरे काही सुचले नाही.

त्यानंतर आम्ही हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन यादीतल्या पुढच्या, म्हणजे तिसऱ्या प्लॉटवर गेलो. बुडख्याला १९ आणि शेंड्याकडे १३. पक्व उसात हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. इथे तर शेंडा कोराच होता. मग प्रयोगशाळेत जाऊन त्या रात्रीची वही काढली. हाताने घेतलेल्या तिन्ही नमुन्यांना सॅकरीमीटरचा आकडा एकच, ७२. दशांशातसुद्धा फरक नाही. तीन शेतांतले, तीन वयांचे ऊस, आणि आकडा एक!

केमिस्टने पूर्वीसारखी रांग लावली, मध्येच संगणक बंद केला, 'लोकल' दाबले, नळीत नुसते पाणी भरून यंत्रात ठेवले. पाण्याला शून्य यायला हवे. यंत्राने आधीच्या रसाचाच आकडा दाखवला.

झाले होते असे. संगणक यंत्राला सांगतो की मी म्हणेन तेव्हाच वाच, मध्ये वाचू नकोस. यंत्र तसे थांबते आणि शेवटचा आकडा पडद्यावर धरून ठेवते. ताबा माणसाकडे आला तरी त्या यंत्रात ही सूचना तशीच राहत होती. बटणे चालू झाली, पण यंत्र मोजत नव्हते. जुनाच आकडा दाखवत होते. घराची किल्ली परत मिळाली म्हणजे आतले सामान जागेवर लागले असे नव्हे. गणित करून पाहिले तेव्हा त्या दुसऱ्या प्लॉटची गोष्ट समोर आली. उरलेला रस टाकून दिला होता, पण शेजारच्या तशाच २६५ च्या प्लॉटचा नवा नमुना आणला. ब्रिक्स तेवढेच, १८.६, आकडा ६१.५ आला आणि शुद्धता ८०. हा ऊस अजून दोन महिने उभा राहायला हवा होता.

काही जण म्हणतील, मग सरळ यंत्राचा पिनच काढावा आणि परत लावावा. लॅबमध्येही ही सवय पुष्कळांना असते, आणि बहुतेक यंत्रे त्याने लोकलमध्ये येतातही. पण सोडियमचा पिवळा दिवा असलेली जुनी यंत्रे तापून स्थिर व्हायला वेळ घेतात आणि गरम दिवा लगेच पुन्हा पेटवला तर त्याचे आयुष्य कमी होते. नळीचे तपमान राखणारी व्यवस्थाही बिघडते. घाईत पहिले दोन-चार नमुने चुकीचे जातात, आणि अर्धवट राहिलेल्या नमुन्याचा आकडाही हातचा जातो. तेव्हा पिन काढणे हा शेवटचा उपाय समजावा.

आपल्या प्रयोगशाळेत यंदा ठरवलेली पद्धत अशी आहे. रांग संपली की प्रोग्रॅम प्रथम यंत्राला 'सतत वाच' या स्थितीत आणतो, पंप व झडपा बंद करतो, आणि मगच शेवटची आज्ञा म्हणून ताबा सोडतो. रांग मध्येच तुटली, रसाचा नमुना अडकला, कोणी थांबवले, तरी प्रोग्रॅमने बाहेर पडताना हेच करायचे, असे लिहून घेतले आहे. हे लिहून घ्यायला आम्हाला दोन वेळा भांडावे लागले, कारण बनवणाऱ्यांचे म्हणणे असे की त्यांचा प्रोग्रॅम मध्ये तुटतच नाही. वीज गेली किंवा संगणकच गोठला तर मात्र प्रोग्रॅमला काहीच करता येत नाही. तिथे माणूस लागतो. उमापूरच्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः इथे आहे.

माणसाने काय करायचे? दिवा पाहायचा. रिमोट दिसत असेल तर आधी संगणकावर बसलेल्याला विचारायचे की तुझे काम संपले का. न विचारता 'लोकल' दाबले तर दुसरा घोटाळा होतो: संगणकाला वाटते ताबा आपलाच आहे आणि तो तुम्ही ठेवलेल्या नळीचा आकडा भलत्याच सभासदाच्या नावावर लिहितो. ताबा आल्यावर नळीत पाणी भरून शून्य येते का पाहायचे. त्यानंतर गारेची प्रमाणित चकती ठेवायची. हिच्यावर तिचा आकडा लिहिलेला असतो आणि तो वर्षानुवर्षे बदलत नाही. पाण्याला शून्य आणि चकतीला तिचा आकडा आला, तरच नमुन्याला हात लावायचा. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. पाळी बदलताना ताबा कोणाकडे आहे, हे वहीत एका रकान्यात लिहून दोघांनी सही करायची. रात्रपाळीला हे जड वाटते, केमिस्ट मंडळी कुरकुर करतात, करोत.

शेतकी खात्यानेही आपल्या बाजूने एक गोष्ट सुरू केली आहे. यादी आली की लागोपाठच्या दोन नमुन्यांचा सॅकरीमीटरचा आकडा दशांशापर्यंत सारखा असेल, किंवा ब्रिक्स कमी असून शुद्धता ९० च्या वर गेली असेल, तर तो प्लॉट चिठ्ठी निघण्यापूर्वी हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने शेतावर जाऊन तपासायचा. त्या यादीवर सही करण्यापूर्वी आम्ही ती स्वतः वाचतो.

सभासदांकडून आमची अपेक्षा एवढीच. नमुना घेतला जात असताना शक्य तो हजर राहावे. जात, लागणीची तारीख आणि खोडवा असल्यास कितवा, हे मदतनीसाच्या वहीत बरोबर लिहिले आहे का ते पाहावे. नमुन्याच्या चिठ्ठीचा अर्धा भाग आपल्याकडे ठेवावा. ज्यांना प्रयोगशाळा पाहायची असेल त्यांनी पक्वता चाचणीच्या दिवसांत दुपारी तीननंतर यावे, सकाळी नमुन्यांची गर्दी असते. यंत्राला हात न लावता समोरचा दिवा पाहता येईल, आणि पाण्याची नळी ठेवून दाखवा म्हटले तर केमिस्ट दाखवतील. तसे त्यांना सांगून ठेवले आहे. उमापूर गटातील सुरू लागणीच्या प्लॉटचे नमुने खोडव्यानंतर घेतले जातील. आपल्या प्लॉटची पाळी कधी आहे ते गट कार्यालयातील फळ्यावर लिहिलेले असेल.